चारबागचे इंजिन आणि घरातली लेथ

घरच्या घरी धातूकाम करणाऱ्या हौशी माणसाची कार्यशाळा म्हणजे कारखान्याची छोटी प्रतिकृती, असा समज सर्वसाधारणपणे आढळतो, आणि तो चुकीचा आहे. कारखान्यात एकाच मापाचे हजारो भाग निघतात आणि त्यांपैकी कोणताही भाग कोणत्याही यंत्रात बसावा यासाठी मापे, साचे व तपासणी यांची मोठी व्यवस्था उभी केलेली असते. घरातल्या कार्यशाळेत मात्र प्रत्येक भाग बहुधा एकदाच तयार होतो, आणि तो त्याच्या एकुलत्या एक जोडीदाराशी जुळला की काम भागते. या दृष्टीने तिचे खरे नाते उत्पादनाच्या कारखान्याशी नसून दुरुस्तीच्या कारखान्याशी आहे, आणि दुरुस्तीचा कारखाना कसा विचार करतो हे समजून घेण्यासाठी लखनौच्या चारबागसारखे दुसरे ठिकाण क्वचितच सापडेल.

मराठी वाचकाला लखनौ म्हटले की १९१६ चे काँग्रेस अधिवेशन आणि लोकमान्य टिळकांचा वाटा असलेला लखनौ करार आठवतो. चारबाग म्हटले तर फार तर १९१४ मध्ये पायाभरणी झालेली तिथल्या स्थानकाची घुमटदार इमारत. स्थानकाच्या त्या देखण्या दर्शनी भागामुळे जवळच्या इंजिन-कारखान्याकडे प्रवाशाचे लक्ष जात नाही, ही खेदाचीच गोष्ट म्हटली पाहिजे, कारण वयाने हा कारखाना इमारतीपेक्षा कितीतरी मोठा आहे. लखनौ ते कानपूर हा लोहमार्ग १८६७ मध्ये सुरू झाला आणि त्याच काळात इंजिनांच्या दुरुस्तीची सोय चारबागला उभी राहिली. ज्या अवध अँड रोहिलखंड रेल्वेची ती होती, ती १९२५ मध्ये ईस्ट इंडियन रेल्वेत विलीन झाली आणि १९५२ च्या पुनर्रचनेनंतर कारखाना उत्तर रेल्वेकडे आला. वाफेची इंजिने गेल्यावर तेथे डिझेलच्या आणि मग विजेच्या इंजिनांची कामे होऊ लागली. पण दुरुस्तीच्या कामाची मूळ रीत वाफेच्या काळातच घडलेली होती.

या कामाला रेल्वेच्या भाषेत पीओएच, म्हणजे ठरावीक मुदतीने करायची संपूर्ण दुरुस्ती, असे म्हणतात. वाफेचे इंजिन अशा दुरुस्तीसाठी आले की ते पूर्ण सोडवले जाई, प्रत्येक भाग धुऊन मोजला जाई आणि तो किती झिजला आहे यावर पुढचा निर्णय होई. सिलिंडर, म्हणजे ज्या नळकांड्यात दट्ट्या पुढे-मागे सरकतो ते, झिजून अंडाकार झाले असेल तर ते आतून पुन्हा कातून गोल करत, आणि त्यामुळे त्याचा व्यास वाढला की त्या वाढलेल्या व्यासाला साजेल असा दट्ट्या आणि त्याच्या रिंगा नव्याने बनवत. आसाचा बेअरिंगमध्ये फिरणारा भाग घासून-कातून बारीक झाला, तर त्यावर बसणाऱ्या बेअरिंगमध्ये व्हाइट मेटल हा कथिलप्रधान मऊ मिश्रधातू ओतून, तो त्या विशिष्ट आसाच्या मापाला खरवडून जुळवत. चाकावरची पोलादी धाव चढवण्याची पद्धत तर बैलगाडीच्या चाकावर धाव चढवणाऱ्या गावच्या लोहाराचीच होती: धावेचा आतला व्यास चाकाच्या गाभ्यापेक्षा साधारण हजारात एका भागाने लहान ठेवायचा, धाव तापवून फुगवायची, गाभ्यावर उतरवायची आणि निवू द्यायची, म्हणजे आकसून ती गाभ्याला कायमची आवळून बसते. दीड मीटर व्यासाच्या धावेत हा फरक जेमतेम दीड मिलिमीटर असतो आणि तेवढा फुगवटा येण्यासाठी पोलादाचे तापमान किमान ८० ते ९० अंशांनी वाढावे लागते. हाताळताना धाव थोडी निवते म्हणून प्रत्यक्षात तिला त्याहून बरीच अधिक उष्णता देतात.

या सगळ्याचा परिणाम असा होई की एकाच नमुन्याची, एकाच वर्षी बांधलेली दोन इंजिने काही दुरुस्त्यांनंतर मापांच्या दृष्टीने एकसारखी राहत नसत. नकाशावरच्या मापाला सुरुवातीचा मान होता, शेवटचा शब्द मात्र समोरच्या भागाचा होता. घरात लेथ लावणाऱ्या माणसाने पहिल्या दिवशी शिकण्याचा नियम हाच आहे. भोक आधी पाडावे, मग त्यात बसणारा दांडा कातावा; कारण बाहेरचा व्यास शंभरांश मिलिमीटरने कमी करणे सोपे असते, भोक तेवढ्याच अचूकतेने ठरलेल्या आकड्यावर आणणे अवघड असते. भोक ३९ मिलिमीटरऐवजी ३९.०७ झाले तरी दांडा ३९.०५ चा करता येतो, आणि यंत्राला त्याचा काहीही फरक पडत नाही.

हौस म्हणून हे काम करण्याची परंपरा इंग्लंडमध्ये विशेष रुजली. पर्सिव्हल मार्शल यांनी १८९८ मध्ये लंडनहून ‘मॉडेल इंजिनिअर’ हे नियतकालिक सुरू केले आणि कारकून, शिक्षक, डॉक्टर अशा लोकांनी घरामागच्या खोपटात वाफेची छोटी इंजिने बनवण्याचा छंद त्याभोवती वाढला. दुसऱ्या महायुद्धानंतर मायफोर्ड कंपनीची एमएल-७ ही साडेतीन इंची लेथ या छंदाची जणू ओळख ठरली. अमेरिकेत डेव्हिड गिंजरी यांनी १९८० च्या दशकात एक पाऊल पुढे जाऊन, कोळशाच्या भट्टीत भंगार ॲल्युमिनियम वितळवून लेथच घरी ओतण्याची व घडवण्याची कृती पुस्तकमालेतून सांगितली. भारतात असे घडले नाही, आणि त्याचे कारण केवळ पैसा हे नव्हे. इथे लोखंडाचे काम ज्यांच्या हाती होते त्यांना ते पोटासाठी करावे लागे, आणि ज्यांच्याकडे फुरसत होती त्यांना हात काळे करणे कमीपणाचे वाटे. महाराष्ट्रातली जी उदाहरणे आठवतात त्यांतही हौस फार काळ हौस राहिलेली नाही. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांचा यंत्रांचा नाद बेळगावच्या सायकल दुकानातून १९०३ च्या लोखंडी नांगरापर्यंत, १९१० च्या किर्लोस्करवाडीपर्यंत आणि पुढे हरिहरच्या म्हैसूर किर्लोस्करमध्ये बनलेल्या लेथपर्यंत गेला. पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांच्या छंदातून उभे राहिलेले आणि १९९८ पासून लोकांसाठी खुले असलेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय हे त्यामानाने दुर्मीळ उदाहरण आहे, कारण तिथे छंद शेवटपर्यंत छंदच राहिला.

आता चारबागच्या परिसरातील एखाद्या घरात असा छंद रुजवायचा म्हटले, तर त्यासाठी डब्ल्यूपी जातीच्या इंजिनाची प्रतिकृती हा विषय स्वाभाविक ठरेल. टोकाला फुगीर शंकूसारखे तोंड असलेले हे इंजिन अमेरिकेच्या बाल्डविन कंपनीने १९४७ मध्ये प्रथम बांधून पाठवले आणि त्यानंतर कित्येक वर्षे उत्तर रेल्वेसह देशभरच्या ब्रॉडगेजवर मेल आणि एक्स्प्रेस गाड्या त्याने ओढल्या. हौशी मंडळींमध्ये माणूस वर बसून चालवू शकेल अशा इंजिनासाठी पाच इंचांचा, म्हणजे १२७ मिलिमीटरचा रूळ प्रचलित आहे. भारतीय ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरची असल्यामुळे प्रमाण एकास १३.२ असे येते. मूळ इंजिनाचे १७०५ मिलिमीटरचे चालक चाक या प्रमाणात १२९ मिलिमीटरचे होते, ५१४ मिलिमीटरचा सिलिंडर ३९ मिलिमीटरचा होतो आणि टेंडरसह सुमारे २४ मीटर लांबीचे इंजिन १.८ मीटरवर येते. वजन मात्र लांबीच्या घनाच्या प्रमाणात घटते, म्हणजे सुमारे २३०० पटींनी. त्यामुळे १७० टनांच्या आसपासचे इंजिन साधारण ७५ किलोंचे होते आणि दोघा माणसांना टेबलावर उचलून ठेवता येते.

या हिशेबात एक सापळा आहे. आकार लहान झाला म्हणजे काम सोपे झाले असे वाटते, पण भागांमधली मोकळीकही त्याच प्रमाणात लहान व्हावी लागते. मोठ्या इंजिनाच्या एखाद्या सांध्यात पाव मिलिमीटरची मोकळीक चालत असेल, तर प्रतिकृतीत ती ०.०२ मिलिमीटरपेक्षाही कमी असायला हवी. नाही तर छोटे इंजिन खडखडत चालेल आणि वाफ गळत राहील. म्हणजे अचूकतेच्या बाबतीत घरातल्या माणसाला मोठ्या कारखान्यापेक्षा अधिक कडक मागणीला तोंड द्यावे लागते, आणि तेही अधिक स्वस्त यंत्रावर. याउलट काही गोष्टी प्रमाणात लहान करताच येत नाहीत. बॉयलरचा पत्रा तेरापट पातळ केला तर तो हाताळताना वाकेल, म्हणून प्रतिकृतीचा बॉयलर तांब्याच्या तुलनेने जाड पत्र्याचा करून चांदीच्या झाळाने जोडतात; मूळ इंजिनात प्रत्येक चौरस इंचावर २१० पौंडांचा दाब असे, छोट्यात तो साधारण ८० ते १०० पौंडांवर ठेवतात. बॉयलर प्रथम वाफेवर कधीही तपासायचा नसतो. तो थंड पाण्याने काठोकाठ भरून कामाच्या दुप्पट दाबाला तपासतात, कारण पाणी दाबले जात नाही आणि सांधा सुटला तरी नुसती चिळकांडी उडते; साठलेली वाफ मात्र स्फोट घडवते. मोठ्या बॉयलरांची तपासणी १९२३ च्या बॉयलर कायद्याने सरकारी निरीक्षकाकडे सोपवली. कायद्याच्या कक्षेबाहेर राहणाऱ्या छोट्या बॉयलरचा निरीक्षक स्वतः बनवणाराच असतो, आणि ही जबाबदारी हौशी माणसाने कोणत्याही यंत्रापेक्षा गंभीरपणे घेतली पाहिजे.

या सर्व कामांच्या केंद्रस्थानी लेथ असते, जिला उत्तर भारतात खराद म्हणतात. तिचे तत्त्व साधे आहे: वस्तू फिरते आणि धारदार हत्यार सरळ रेषेत सरकते. बेड हा तिचा बिडाचा लांब पाया. त्याच्या डाव्या टोकाला हेडस्टॉक, ज्यात स्पिंडल हा मुख्य आस फिरतो व त्यावर चक म्हणजे वस्तू पकडणारा जबडा बसतो. उजव्या टोकाला लांब वस्तूला आधार देणारा टेलस्टॉक. आणि मधे बेडवरून सरकणारे कॅरेज, ज्याच्या अंगावरची आडवी सरक, म्हणजे क्रॉस स्लाइड, हत्याराला वस्तूकडे नेते. कातकामाची गती मिनिटाला किती फेरे यावर ठरत नाही, तर हत्याराखालून मिनिटाला किती मीटर धातू जातो यावर ठरते. साध्या हायस्पीड पोलादाच्या हत्याराने बीड कातायचे असेल तर मिनिटाला सुमारे २० मीटर ही सुरक्षित गती मानतात. ३९ मिलिमीटरच्या सिलिंडरसाठी त्याचे मिनिटाला साधारण १६० फेरे होतात, १२९ मिलिमीटरच्या चाकासाठी जेमतेम ५०, आणि मूळ इंजिनाचे चाक त्याच गतीने कातायचे तर चारच्या आतबाहेर. टेबलावर ठेवायच्या पुष्कळ छोट्या लेथ इतक्या हळू जोर लावून फिरू शकत नाहीत, मोटर मंदावते, हत्यार थरथरते आणि पृष्ठभागावर लाटा उमटतात. म्हणून खरेदी करताना सर्वाधिक वेग किती, या प्रश्नापेक्षा सर्वांत कमी वेगाला यंत्रात किती जोर उरतो, हा प्रश्न विचारणे शहाणपणाचे.

लेथला आटे पाडता येतात ते लीड स्क्रूमुळे. बेडच्या लांबीइतका हा आटेदार दांडा दातेरी चाकांनी स्पिंडलला जोडलेला असतो. स्पिंडलच्या एका फेऱ्यात कॅरेज किती सरकावे हे त्या चाकांच्या दातांवरून ठरते. हेन्री मॉडस्ली यांनी लंडनमध्ये १८०० च्या सुमारास ही जुळणी व्यवहारात आणली आणि हाताच्या कौशल्यावर अवलंबून असलेला आटा यंत्राच्या हवाली झाला. इंची लीड स्क्रूवर मेट्रिक आटे पाडण्यासाठी १२७ दातांचे चाक लागते, कारण एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर आणि त्याची पाचपट म्हणजे नेमके १२७. पाच इंची रुळाचे मिलिमीटरमधले मापही १२७ येते ते याच कारणाने. जुनी लेथ आणि छोटी रेल्वे या दोन्हींमध्ये एकच आकडा भेटतो, हा योगायोग मुळीच नव्हे.

तरीही लेथ ही कार्यशाळेतली पहिली वस्तू नसावी. शेगडा, म्हणजे वस्तू घट्ट आवळून धरणारा टेबलावरचा पकडसंच, दोन-तीन चांगल्या कानशी, हॅक्सॉ, काटकोन आणि मायक्रोमीटर यांच्यावर काही महिने काढणाऱ्याचा हात लेथवर अधिक लवकर बसतो. आयटीआयमध्ये फिटरच्या विद्यार्थ्याला आधी लोखंडाचा ठोकळा कानशीने काटकोनात आणायला लावतात, तो छळ वाटला तरी त्यात अर्थ आहे. सपाटपणा यंत्राने मिळतो असे आज वाटते, पण यंत्र जन्माला येण्याआधी सपाट पृष्ठभाग हातानेच मिळवावा लागला. जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४० मध्ये विद्वानांच्या सभेत मांडलेली रीत अशी: तीन पाट्या घ्यायच्या आणि त्या दोन-दोनच्या जोडीने रंग लावून एकमेकींवर टेकवून, जिथे रंग लागेल तेवढाच उंचवटा स्क्रेपरने खरवडायचा. दोनच पाट्या असतील तर एक फुगीर आणि दुसरी तेवढीच खोलगट होऊनही त्या एकमेकींशी तंतोतंत जुळू शकतात. तीन पाट्या आळीपाळीने जुळायच्या असतील तर त्या तिन्ही सपाट असण्यावाचून गत्यंतर नसते. यात कोणत्याही अचूक वस्तूची गरज नाही, केवळ पद्धतीतून अचूकता निर्माण होते. बेअरिंग आसाला जुळवताना चारबागचा फिटर जे खरवडकाम करी, ते याच रीतीचे होते.

मोजमापाच्या बाबतीत लखनौची हवा स्वतःची अडचण घेऊन येते. मायक्रोमीटरच्या आतल्या स्क्रूचा आटा अर्ध्या मिलिमीटरचा असतो आणि फिरत्या नळीवर ५० रेघा असतात, म्हणून एक रेघ म्हणजे ०.०१ मिलिमीटर. मेमध्ये पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, जानेवारीच्या धुक्यात दहाच्या खाली येतो. या ३५ अंशांच्या फरकाने १०० मिलिमीटरचा पोलादी दांडा ०.०४ मिलिमीटरने, म्हणजे मायक्रोमीटरवरच्या चार रेघांनी, वाढतो किंवा आक्रसतो. मायक्रोमीटरही पोलादाचाच असल्याने दोन्ही एकाच तापमानाला असतील तर फरक बहुतांशी परस्पर भागतो; पितळ मात्र पोलादाच्या दीडपटीने, ॲल्युमिनियम जवळजवळ दुपटीने प्रसरण पावते, आणि नुकतीच कातलेली वस्तू हाताला गरम लागत असताना घेतलेले माप तर कोणत्याच ऋतूत खरे नसते. मापाच्या जगाने २० अंश हे प्रमाण तापमान ठरवले आहे. घरात वातानुकूलन नसेल तर वस्तू आणि माप घेण्याचे साधन रात्रभर शेजारी ठेवणे, हा बिनखर्चाचा उपाय पुरतो. धुक्याच्या दिवसांत थंड बिडावर दव धरते आणि एका रात्रीत बेड गंजतो, म्हणून काम संपल्यावर तेलाचा हात फिरवायला विसरून चालत नाही.

यंत्राच्या निवडीत भारतीय बाजाराची रीत ध्यानात घ्यावी लागते. आपल्याकडे लेथ बेडच्या फुटांवर विकली जाते. बटाला, लुधियाना आणि राजकोट येथे बनलेल्या साडेचार किंवा सहा फुटी लेथ देशभरच्या छोट्या वर्कशॉपांत दिसतात, आणि वर्कशॉप बंद झाले की त्या जुन्या बाजारात येतात. अशा लेथचे वजन अर्ध्या टनाच्या घरात किंवा त्याहून अधिक असते, म्हणून ती वरच्या मजल्यावर नेणे हा विचारही करू नये. तिची मोटर बहुधा ४१५ व्होल्टच्या थ्री-फेज विजेवर चालणारी असते, तर घरात २३० व्होल्टची सिंगल-फेज येते. व्हीएफडी हे उपकरण सिंगल-फेजवरून मोटरला थ्री-फेज पुरवते आणि वेगही कमी-जास्त करू देते, मात्र मोटर त्या जोडणीला योग्य आहे का हे जाणकार इलेक्ट्रिशियनकडून पाहून घ्यावे. सुरक्षेविषयी थोडक्यात एवढेच की फिरत्या चकजवळ हातमोजे, सैल कुर्त्याची बाही, दुपट्टा यांना स्थान नाही, आणि चकची चावी चकमध्ये क्षणभरही सोडून ठेवायची नसते.

जुनी लेथ घेणाऱ्याला चारबागची रीत पहिल्याच दिवसापासून लागू होते, कारण त्याने विकत घेतलेले यंत्र हेच त्याचे दुरुस्तीला आलेले पहिले इंजिन असते. बेड सर्वाधिक झिजतो तो चकजवळच्या फूटभर भागात, कारण बहुतेक काम तिथेच होते. कॅरेज तिथे ढिले आणि टेलस्टॉकजवळ घट्ट लागले, तर झीज किती आहे याचा अंदाज येतो. क्रॉस स्लाइडचा ब्राँझचा नट बहुधा इतका झिजलेला असतो की हँडल पाव फेरा फिरले तरी हत्यार हलत नाही. नवा नट बसेपर्यंत कारागीर माप नेहमी एकाच दिशेने गाठून ही ढिलाई टाळत राहतो. नवा नट बाजारात मिळेलच असे नाही, पण तो याच लेथवर बनवता येतो: कार्बन पोलादाच्या दांड्यावर जुन्या स्क्रूच्या मापाचे आटे लीड स्क्रूच्या साहाय्याने पाडायचे, कानशीने उभ्या खाचा करून त्याचा टॅप, म्हणजे भोकात आटे पाडणारे हत्यार, बनवायचा, तो लालभडक तापवून तेलात बुडवून पाणी द्यायचे, मग घासून पुन्हा हलकेच तापवत पृष्ठभागावर गवती पिवळा रंग येताच थांबवायचे, म्हणजे त्याचा ठिसूळपणा जातो. हा टॅप ब्राँझच्या ठोकळ्यात फिरवला की नवा नट तयार होतो. टॅप कातताना झिजका नट जागेवर राहूनच काम करत असतो, आणि नवा नट बसला की तो भंगाराच्या डब्यात जातो.